काळी माती बसेपर्यंत

बिट्टूची उंची मला तोंडपाठ होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीची एक रेघ ओढायची, अशी घरातली पद्धत. पाचवी रेघ तीन फूट सहा इंचांवर होती. म्हणून पेटीवाल्यानं फोनवर "किती फुटांची?" असं विचारलं तेव्हा मी लगेच आकडा सांगितला. तो म्हणाला, "चार फुटांची करतो साहेब, डोक्याखाली उशी येते." मी बरं म्हटलं. रंगाचं विचारायला गेलो तर म्हणाला, "लेकरांची पांढरीच करतो." फोन ठेवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तो त्या चौकटीशी जाऊन उभाच राहिलो.

मी अजनीच्या लोको शेडमध्ये काम करतो. आमच्याकडे इंजिन आलं की काय आधी, काय नंतर, हे ठरलेलं असतं. तपासायचं, नोंद करायची, सही करायची, पुढं ढकलायचं. या सवयीमुळेच असेल, पण बिट्टू गेल्यावर धावपळीची सगळी कामं माझ्याकडे आली आणि मीही ती धरून बसलो. हे जे लिहून राहिलो ते त्या कामांबद्दल आहे. तेरा महिने चालली ती.

आजाराबद्दल थोडंच लिहितो. तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला. डेंग्यू. गल्लीत आणखी तिघांना होता, तिघंही बरे होऊन हिंडत होते. रोज रक्त तपासणं चालू होतं आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, प्लेटलेट. चौथ्या दिवशी ताप उतरला. आईनं अल्तारावर मेणबत्ती लावली. बिट्टूनं तर्री-पोहे मागितले, आम्ही तर्री न घालता दिले, त्यावर तो रुसला, दोन घास खाऊन पोट दुखते म्हणाला. चार दिवसांचं रिकामं पोट, दुखणारच, असं आम्ही धरून चाललो.

नंतर जे कळलं ते लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतो. पोटात दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, हातपाय गार लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी प्लेटलेटचा आकडा बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. त्याचे तळपाय गार लागले तेव्हा मी उठून पंखा बंद केला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. दवाखान्याच्या काउंटरवरचा मुलगा मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत होता. नाव, वय, पत्ता. 'व्यवसाय' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे न पाहता त्यानं तिथं आडवी रेघ ओढली. पुढं मंगळवारी महापालिकेच्या झोनच्या ऑफिसातून दाखला आणला, त्यावर काय काय छापलं होतं ते आता सांगता यायचं नाही. ती आडवी रेघ मात्र लक्षात आहे.

बिट्टूचं बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस. सदरचं आमचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे आणि आमच्या तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं तिथंच झाली, त्यामुळे नाव शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. त्या संताच्याच नावाच्या संघाचे धर्मगुरू फ्रान्सच्या आनसी गावाहून १८४५ साली या देशात आले, तिथून पुढं नागपूर-कामठीकडे वळले, आणि १८८७ साली नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला. हे मला लहानपणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात पाठ करायला लावलं होतं. बिट्टूलाही मी ते शिकवायला घेतलं होतं. त्याला एवढंच लक्षात राहिलं की ते लोक जहाजातून आले. मग जहाजात बैल होते का, असं त्यानं विचारलं.

बैलाचं सांगावं लागेल. आमच्या शेजारचे काका सुतारकाम करायचे, आता हात थरथरतात म्हणून बंद आहे. बिट्टू तीन वर्षांचा असताना त्यांनी सागाच्या तुकड्यांचा एक बैल करून दिला. चाकं लावलेला, शिंगांना लाल रंग, पाठीवर झूल. तान्हा पोळा आमच्या नागपूरचा सण. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे नटूनथटून लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा घेऊन येतात. आम्ही ख्रिस्ती, पण गल्लीतली सगळी पोरं निघाली आणि आपलं एक दारात उभं राहिलं, असं कुठं होत असतं? बिट्टू तीन वर्षं गेला. शेवटच्या वर्षी त्याला त्र्याऐंशी रुपये बोजारा मिळाला होता. ते सगळे त्यानं रस्त्यात भेटेल त्याला मोजून दाखवले.

अंत्यविधीला फादर पांढरा झगा घालून आले. मोठ्या माणसाच्या वेळी आमच्याकडे बहुतेक जांभळा असतो. पेटीच्या डोक्याशी पास्खाची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी अशाच मेणबत्तीवरून त्याची छोटी मेणबत्ती पेटवून त्याच्या धर्मबापाच्या हातात दिली होती. ती अर्धी जळलेली मेणबत्ती आणि तेव्हाचं पांढरं अंगडं आम्ही कपाटात जपून ठेवलं होतं. बायकोनं दोन्ही काढून दिली. अंगडं पेटीवर पसरलं. पाच वर्षांच्या पोराच्या पेटीवर दोन महिन्यांच्या बाळाचं अंगडं.

काकांनी नंतर मला विचारलं, पांढरा का? मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, सात वर्षांच्या आतलं, बाप्तिस्मा झालेलं मूल. चर्च त्याच्यासाठी पापांची क्षमा मागत नाही, कारण मागण्यासारखं काही नाहीच. प्रार्थना करायची ती मागं राहिलेल्यांसाठी. सात वर्षं हे बऱ्या-वाइटाची समज येण्याचं वय धरलेलं आहे. फादरांनी प्रवचनात ते फुलाचं वाक्य घेतलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. देवाला सुंदर फूल आवडलं म्हणून त्यानं तोडून नेलं, हे वाक्य त्या आठवड्यात मला निदान वीस जणांनी ऐकवलं. माणसं प्रेमानं म्हणतात, मला कळते. पण दुसऱ्याच्या अंगणातलं फूल विचारल्याशिवाय तोडणाऱ्याला आपण काय म्हणतो?

दफनाच्या वेळी पाऊस नुकताच थांबला होता. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकायची. आपली काळी माती ओली असली की हातून सुटत नाही. मी मूठ उघडली तरी अर्धी माती तळव्याला चिकटूनच राहिली. कब्रस्तानाच्या फाटकाशी नळ आहे, तिथं सगळे हात धूत होते. मी घरी येईपर्यंत धुतले नाहीत.

महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगायला चर्चच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई रजिस्टर उघडून म्हणाल्या, "आत्म्याच्या शांतीसाठी लिहू ना?" मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात फादरांचं ते वाक्य आठवलं. म्हटलं, "त्याच्या आत्म्याला शांती आहेच म्हणतात. आमच्यासाठी लिहा." बाईंनी लिहिलं, 'फ्रान्सिसच्या आईबाबांसाठी'. झालं असं, की रविवारी मिस्सेच्या आधी मृतांची नावं वाचताना त्याच यादीत आमचंही वाचलं गेलं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "आईबाबा दोघंही एकदमच गेले का रे?" बिट्टू गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो तिथं. मग पुढची पंधरा मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याच सुमारास बाप्तिस्म्याचं रजिस्टर पाहिलं. मृतांच्या रजिस्टरात नोंद करताना बाप्तिस्म्याची तारीख लागत होती. जाड बांधणीचं जुनं पुस्तक. प्रत्येक नावापुढं उजवीकडं जागा मोकळी सोडलेली असते, कारण दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं, लग्न झालं की त्या त्या चर्चकडून इथं कळवतात आणि ते बाजूला लिहून घेतात. माझ्या नावापुढं दोन्ही आहेत. माझ्या बाबांच्या नावापुढंही आहेत. बिट्टूच्या नावापुढं कोरा कागद. खालीवर बरीच नावं अशीच कोरी होती, पण ती पोरं अजून लहान आहेत म्हणून.

दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस. बायको आली नाही. मी आणि माझी मुलगी गेलो, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या दिवशी कब्रस्तान ओळखू येत नाही. आठवडाभर लोक येऊन आपापल्या कबरी धुतात, चुना लावतात, गवत उपटतात. फाटकाबाहेर मेणबत्त्या, शेवंती, झेंडूचे हार. आत एका कबरीशी मराठीत जपमाळ चालू, पलीकडे तमिळ, त्यापलीकडे मल्याळम, कोणी हिंदीत. मिस्सा झाली की फादर ओळीनं फिरून प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि आपल्या कबरीशी आपलं माणूस उभं असावं म्हणून सगळे धावत आपापल्या जागी जातात. शाळेत हजेरी घेतात तसं वाटते.

आमची नुसती मातीच होती, वर लाकडी क्रूस. ऑक्टोबरच्या उन्हानं ती वाळून तिला बोटबोट रुंद भेगा पडल्या होत्या. वारा होता, मेणबत्ती काही केल्या उभी राहीना. मुलगी म्हणाली, "बाबा, इथं खोच ना." मी भेगेत खोचली. चांगली घट्ट बसली, विझलीही नाही. मग आम्ही सात मेणबत्त्या सगळ्या भेगांतच लावल्या. बाकीच्यांच्या संगमरवरावर वितळलेलं मेण ओघळत होतं, आमच्या मेणबत्त्या खालून वर उगवल्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दगडवाल्याकडे गेलो. म्हटलं, भेगा पडताहेत, लवकर पक्कं करून टाका. तो हसला. म्हणाला, "साहेब, ही काळी माती हाये. पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. आता दगड बसवला तर पावसाळ्यात तिरपा होईन, मंग तुम्ही माह्यावरच चिडान. एक पावसाळा जाऊ द्या. माती बसली की लावू." आम्ही शेडमध्ये पाया घालतो तेव्हा हेच सांगतो, तरी मला ते सुचलं नव्हतं. एक पावसाळा म्हणजे पुढचा ऑक्टोबर. वर्षभर करायला काही नाही, हे ऐकून मला जे वाटलं ते विचित्र होतं. हातातलं काम कोणीतरी काढून घेतल्यासारखं.

डिसेंबरात गोठा करायचा की नाही, यावर घरात कोणी काही बोलेना. चोवीस तारखेला संध्याकाळी मुलीनं माळ्यावरून खोका काढला आणि एकटीनं मांडायला घेतला. मरिया, योसेफ, मेंढ्या, तीन राजे, सगळे वीतभर. गाईबैलांतला बैल आदल्या वर्षी बिट्टूच्याच हातून फुटला होता. तिनं आत जाऊन त्याचा लाकडी बैल आणला आणि गव्हाणीच्या बाजूला ठेवला. तो त्या सगळ्यांच्या तिप्पट मोठा. संत योसेफ त्याच्या गुडघ्याला लागत होता. बाळ येशूकडे पाहायचं म्हटलं तरी आधी लाल शिंगं दिसायची. जो आला तो पाहून गप्प बसला. काका आले, त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मागचं चाक ढिलं झालंय. देजो, बसवून देतो."

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांचा सण येतो. हेरोद राजानं बेथलेहेमातले दोन वर्षांचे आणि त्याखालचे सगळे मुलगे मारून टाकले, त्यांची आठवण. नाताळाच्या गाण्यांमध्येच हा दिवस आणून ठेवला आहे. लहानपणी मला हे कॅलेंडर करणाऱ्याची चूक वाटायची. त्या वर्षी बायको म्हणाली, मी येते. सप्टेंबरनंतर ती पहिल्यांदाच चर्चमध्ये येत होती. त्या दिवशीचं शुभवर्तमान ठरलेलं आहे, मत्तयाचं. त्यात शेवटी राहेल येते. ती आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिला सांत्वन नको आहे, कारण मुलं राहिलेली नाहीत. एवढंच आहे. पुढं कोणी तिला समजावत नाही, फुलाचं काही सांगत नाही. स्कूटरवर मागं बसल्यावर बायको म्हणाली, "लिहिलेलंच आहे की मग." मी विचारलं, काय? "तिला नको होतं सांत्वन. आणि ते तसंच लिहून ठेवलंय." त्या दिवशी दुपारी ती जेवली.

आई मिस्सेला आमच्याबरोबरच होती. संध्याकाळी मी गोठ्यापुढची मेणबत्ती बदलत होतो तेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "मले बी एक पोरगी होती."

मला वाटलं, ती कोणाचं तरी सांगते आहे.

"तुह्या आधी. त्र्याहत्तर साली. एक दिवस जगली. पाणी टाकाच्या आधीच गेली ना, म्हणून कब्रस्तानात जागा नाही म्हणे. तुह्या बाबानं संध्याकाळच्या वक्ती फडक्यात गुंडाळून नेली. भितीच्या भायेर. कुठं ते मले त्यायनं शेवटपर्यंत सांगतलं नाही, अन् मीबी इचारलं नाही."

मी त्रेचाळीस वर्षांचा होईन आता. मला बहीण होती हे मला त्या दिवशी कळलं.

ते कब्रस्तान कुठलं, तेव्हाचे धर्मगुरू कोण, हे लिहायचं नाही मला. ते लोक राहिले नाहीत, आणि त्यांनी तेव्हाच्या रिवाजानंच केलं. पण मी हे आमच्या फादरांना जाऊन सांगितलं, थोडं रागातच. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, चर्चच्या १९१७ सालच्या कायद्यात बाप्तिस्मा न झालेल्याला ख्रिस्ती दफन नव्हतं. १९८३ साली नवा कायदा आला. आईबापांना बाप्तिस्मा द्यायचा होता पण मूल आधीच गेलं, अशा वेळी बिशपांच्या परवानगीनं त्याचा अंत्यविधी करता येतो. १९८३ म्हणजे माझं जन्मसाल. दहा वर्षांनी हुकलं. मग लिंबोचं निघालं. जुन्या बायका अजून म्हणतात, अशी बाळं ना स्वर्गात जात ना नरकात, मध्येच कुठंतरी राहतात. फादर म्हणाले, तो धर्मपंडितांचा एक तर्क होता, चर्चची पक्की शिकवण कधीच नव्हती. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगानं यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या बाळांच्या तारणाची आशा धरायला चांगली कारणं आहेत असंच म्हटलं आहे. "लिंबो शब्दाचा अर्थ काय माहीत आहे? लॅटिनमध्ये काठ." मला भिंतच दिसली.

हे सगळं घरी येऊन मी आईला सांगितलं. कायदे, सालं, रोम. ती भाजी निवडत होती. मी आणखी एक सांगितलं, जे मला सांगायला नको होतं असं आता वाटते. वेळ पडली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. फादरच पाहिजे असं नाही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणायचं. नर्सलाही चालते, आईलाही चालते.

तिचे हात थांबले. "मले कोणी सांगतलं असतं तं मीच टाकलं असतं ना पाणी," ती म्हणाली. "लोटा तं उशाशीच होता."

उन्हाळा गेला. मे महिन्यात ऊन असं होतं की कबरीवरचा क्रूस वाकडा झाला, मी तो दोनदा सरळ केला. मुलीचा पहिला ख्रिस्तशरीर स्वीकार, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, झाला, तिनं हातात बिट्टूची मेणबत्ती धरली, आता ती बोटभर उरली आहे. पाऊस आला, माती फुगली, भेगा मिटल्या, वर तण आलं. तान्ह्या पोळ्याला गल्लीतले पोट्टे आले. बायकोनं सगळ्यांना बोजारा दिला, दार लावलं नाही. मग मुलगी म्हणाली, मी एक चक्कर मारून येते. ती दहा वर्षांची घोडी, बैल ओढत फक्त काकांच्या घरापर्यंत गेली. काकांनी दहा रुपये दिले. तिनं त्याची कुल्फी खाल्ली आणि काडी टाकायची विसरून ती हातात धरूनच घरी आली.

ऑक्टोबरात दगडवाल्यानं स्वतःहून फोन केला. माती बसली, या. मी काळा ग्रॅनाईट घेतला, संगमरवर इथल्या पावसात पिवळा पडतो. तो अक्षरामागे पैसे घेतो, पस्तीस रुपये. मी मजकूर लिहून नेला होता. नाव, घरचं नाव कंसात, दोन तारखा, आणि खाली एक ओळ. तो बोटानं मोजत गेला. 'फ्रान्सिस'ला त्यानं सहा अक्षरं धरली. मी म्हटलं, तीन. फ्रा, न्सि, स. तो म्हणाला, फ अन् र, न अन् स, छिन्नी तितकीच चालते ना साहेब, वर मात्रा वेगळी. बिट्टूच्या कबरीवर मी अक्षरांचा भाव करून राहिलो होतो आणि मला ते कळतही होतं, पण शेडमध्ये कंत्राटदाराशी बोलायची सवय. शेवटी तो म्हणाला, "जाऊ द्या. जोडाक्षर एकच धरतो. लेकराचं काम हाये."

त्या रात्री जेवताना मी मजकूर घरात वाचून दाखवला. आईनं ऐकला. ताटातला भात चिवडत ती म्हणाली, "खाली जागा राह्यते का?"

फादरांना विचारलं. ते म्हणाले, माझी काही हरकत नाही, आणि मग म्हणाले, "दोघांची मिळून मिस्सा ठेवू." बिट्टूच्या नावाखाली लिहायचं ठरलं, 'आणि त्याची आत्या', पुढं नाव, पुढं १९७३. पाच वर्षांच्या भाच्याची एक दिवसाची आत्या.

पण नाव काय ते आईनं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. "मी येते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिला नेलं. दगडवाल्यानं स्टुलावरची धूळ पुसून तिला बसवलं. आत मशीनवर दगड कापायचं काम चालू होतं. तो पेन्सिल घेऊन म्हणाला, "बोला आजी, काय लिहू?"

ती बोलली. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, मलाही नाही.

तो आतल्या पोराला ओरडला, "बंद कर बे थोडं!" मशीन थांबलं. "हं, परत बोला."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि तिनं नाव सांगितलं. मोठ्यानं, प्रत्येक अक्षर सुटं करून, शाळेत सांगतात तसं. तीन अक्षरं, मधलं जोडाक्षर. पन्नास वर्षांत तिनं ते उच्चारलं होतं की नाही मला माहीत नाही. आतला पोरगा दारात येऊन उभा होता.

"तीन झाले," दगडवाला म्हणाला. "साहेबांले बोललो होतो, जोडाक्षर एकच धरतो."

आईनं कमरेची थैली काढली. पेन्शनच्या नोटा होत्या, घडी घातलेल्या.

"दोन धर," ती म्हणाली. "चार होतात. चाराचे घे."